गॅसचा गिझर पेटेनासा झाल्यास

न्हाणीघराच्या दाराशी धुमसणारा तांब्याचा बंब, अथवा आपल्या गोमंतकातील जुन्या घरांत चुलीवर कायम मांडलेले पाण्याचे भाण, यांचा वापर आता बहुतांश कुटुंबांत उरलेला नाही. त्यांची जागा विजेच्या अथवा गॅसच्या गिझरने घेतली आहे. बंब पेटेना तर त्याचे कारण शोधण्यास बाहेरच्या कोणाची मदत लागत नसे. लाकूड ओले आहे की राखेने जाळी तुंबली आहे, हे घरातील लहान मुलासही दिसत असे. गॅसच्या गिझरचे तसे नाही. पत्र्याच्या पेटीआड काय चालते ते दृष्टीस पडत नाही आणि त्यामुळे तो पेटेनासा झाला की गृहस्थ एकतर स्वतः स्क्रू खोलू लागतो, अथवा आसपासच्या एखाद्या 'जाणकारा'स बोलावून आतील दोन तारा परस्पर जोडून घेतो.

यातील दुसरा मार्ग अधिक घातक होय. गिझर न पेटण्यामागे कित्येकदा त्यातील एखादी सुरक्षा-योजना आपले काम चोख बजावीत असते. ती योजना तार जोडून निकामी केली की गिझर पेटतो, पाणी तापते, सर्वांचे समाधान होते. आणि पुढे एखाद्या सकाळी न्हाणीघराची कडी आतून लावून गेलेला मनुष्य बाहेर येत नाही. अशा दुर्घटनांच्या बातम्या दर हिवाळ्यात वृत्तपत्रांतून वाचावयास मिळतात. म्हणून या उपकरणाची रचना, त्याच्या न पेटण्याची कारणे आणि त्यांपैकी कोणती ग्राहकाने स्वतः पाहावयाची व कोणत्यांना हात लावावयाचा नाही, याची माहिती येथे काहीशा तपशिलाने दिली आहे.

उपकरण पेटते कसे

घरगुती वापराचा लहान गिझर पाणी साठवून ठेवीत नाही. पाणी वाहत असतानाच ते तापविले जाते. नळ उघडताच थंड पाणी उपकरणात शिरते आणि एका रबरी पडद्याच्या दोन बाजूंवरील दाबांत फरक निर्माण करते. या फरकाने पडदा सरकतो व एक दांडी पुढे ढकलतो. त्या दांडीने दोन कामे होतात : गॅसची एक झडप यांत्रिक रीतीने उघडते आणि एक लहान स्विच दाबला जातो. स्विच दाबला गेल्यावर दोन विद्युतघटांवर चालणारे नियंत्रक मंडल जागे होते, ठिणग्या पाडू लागते आणि गॅसची दुसरी, विद्युतचुंबकाने चालणारी झडप उघडते. ठिणगीने गॅस पेटतो. ज्योतीत विद्युतभारित कण असल्याने तिच्यातून अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहू शकतो. ज्योतीत बसविलेल्या एका सळईच्या द्वारे नियंत्रक मंडल हा प्रवाह ओळखते व ज्योत लागल्याची खात्री करून घेते. काही सेकंदांत अशी खात्री न पटल्यास ते गॅस बंद करते.

या सर्व साखळीत पहिली कडी पाण्याची आहे, गॅसची नव्हे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. 'गॅसचा' गिझर पेटत नाही म्हटले की सर्वांचे लक्ष सिलिंडरकडे जाते. वास्तविक नव्या जागेत बसविलेला गिझर पहिल्या दिवसापासून पेटत नसेल, तर दोष बहुधा पाण्याच्या बाजूस असतो.

टकटक ऐकू येत नसेल तर

नळ उघडल्यावर ठिणग्यांचा टक्‌टक् आवाज येतो की नाही, ही पहिली परीक्षा होय. आवाजच नसेल तर पडदा सरकलेला नाही अथवा विद्युतघट संपले आहेत.

विद्युतघट प्रथम पाहावेत, कारण ते बदलणे सर्वांत सोपे. बहुतेक गिझरांत मोठ्या आकाराचे, प्रत्येकी १.५ व्होल्टचे दोन घट असतात. त्यांच्या टोकांवर पांढरट अथवा हिरवट क्षार जमला असल्यास कोरड्या फडक्याने पुसावा. समुद्रकाठच्या हवेत हा दोष लवकर उद्भवतो, आणि घट नवे असूनही पत्र्याच्या गंजलेल्या पट्टीमुळे वीज पोहोचत नाही. एक जुना व एक नवा असे घट कधीही एकत्र घालू नयेत. पुन्हा भारित करता येणाऱ्या घटांचा दाब प्रत्येकी १.२ व्होल्टच असल्याने ते घालून काटकसर साधू पाहणाऱ्यांची बहुधा निराशा होते. आणखी एक गोष्ट : घट अर्धवट संपलेले असता ठिणगीचा आवाज येऊ शकतो, परंतु झडप उघडून धरण्याइतकी शक्ती त्यांत उरलेली नसते. तेव्हा आवाज येतो म्हणून घट चांगले आहेत, असे समजू नये.

घट ठीक असतील तर पाण्याकडे वळावे. या उपकरणांस पेटण्यासाठी किमान पाण्याचा दाब व प्रवाह लागतो. आकडा उपकरणागणिक बदलतो व तो सोबतच्या पुस्तिकेत दिलेला असतो. परंतु साधारणतः मिनिटास अडीच ते तीन लिटर प्रवाह आणि दर चौरस सेंटिमीटरला पाव किलो दाब, ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी आढळते. पाव किलो दाब म्हणजे अडीच मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. आता एखाद्या तीनमजली इमारतीचा विचार करावा. गच्चीवरील टाकीचा तळ सर्वांत वरच्या मजल्यावरील गिझरपासून जेमतेम दीड-दोन मीटर वर असतो. खालच्या दोन मजल्यांवर तोच गिझर उत्तम चालतो आणि वरच्या मजल्यावर मात्र पेटत नाही, याचे कारण हे. विक्रेत्यास दोष देण्यापूर्वी टाकीची उंची मोजून पाहावी. अशा ठिकाणी कमी दाबावर चालणारे उपकरण घेणे अथवा टाकी उंचावणे, हेच उपाय होत.

प्रवाह मोजण्यास यंत्राची गरज नाही. रेग्युलेटर बंद ठेवून गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडावा व दहा लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून पाहावे. चार मिनिटांहून अधिक वेळ लागल्यास प्रवाह मिनिटास अडीच लिटरांपेक्षा कमी आहे. पूर्वी नीट चालणाऱ्या गिझरचा प्रवाह असा मंदावला असेल, तर थंड पाणी जेथे शिरते तेथील बारीक जाळी काढून धुवावी. आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीच्या व काही ठिकाणी नळाच्याही पाण्यात लाल माती येते आणि जाळीवर तिचा चिखल बसतो. बेळगाव, इंदूर या भागांत कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्यांना चिखलापेक्षा क्षारांचा त्रास अधिक. तेथे जाळी स्वच्छ असूनही आतील वळणदार तांब्याच्या नळीत पांढरा थर साचतो व पाण्याची वाट अरुंद होते. स्नानाच्या फवाऱ्याची भोके बुजली असली तरी परिणाम तोच.

ज्यात गरम व थंड पाणी एकाच तोटीत मिसळते असे नळ आता सर्रास बसविले जातात. थंड पाण्याचा दाब अधिक असल्यास ते गरम पाण्याची वाट अडविते, गिझरमधील प्रवाह घटतो आणि ज्योत विझते. 'थंड पाणी सोडले की गिझर बंद पडतो' ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या उपकरणात काहीच बिघाड नसतो. गिझरचे तापमान-बटण कमी करून थंड पाणी न मिसळता स्नान करणे हा यावरील बिनखर्चाचा उपाय आहे. नळजोडणी करणाऱ्याने पाण्याची आत जाण्याची व बाहेर येण्याची तोंडे उलट जोडली असल्यास मात्र गिझर कधीच पेटणार नाही.

हे सर्व पाहूनही आवाज येत नसेल आणि पाण्याचा प्रवाह भरपूर असेल, तर रबरी पडदा फाटला असण्याचा संभव आहे. काही वर्षांच्या वापरानंतर तो कडक होऊन चिरतो. भाग किरकोळ असला तरी तो बदलताना गॅसची झडप उघडावी लागते. म्हणून ते काम प्रशिक्षित मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

आवाज येतो, परंतु ज्योत लागत नाही

येथे गॅसकडे पाहणे आवश्यक ठरते. रेग्युलेटर उघडा आहे काय, सिलिंडर संपला आहे काय, नळी कोठे दुमडली आहे काय, हे पाहून त्याच सिलिंडरवर शेगडी असल्यास ती पेटवून पाहावी. नवा सिलिंडर लावल्यावर अथवा नळी बदलल्यावर तीत हवा भरलेली असते. ती निघून जाईपर्यंत दोन-तीन वेळा नळ बंद-चालू करावा लागतो. हा दोष नव्हे.

हिवाळ्यातील एक प्रकार सांगण्याजोगा आहे. सिलिंडरमधील द्रवरूप गॅस हे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळते, तर ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. सिलिंडर संपत येतो तसे त्यात ब्युटेनचे प्रमाण वाढते आणि कडाक्याच्या थंडीत त्याचा दाब पुरेसा राहत नाही. शिवाय मिनिटास सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापविणारा गिझर ताशी सुमारे एक किलो गॅस जाळतो. एवढा गॅस झपाट्याने वायुरूप होताना सिलिंडरचीच उष्णता शोषून घेतो व सिलिंडर अधिकच गार पडतो. ग्वाल्हेर, इंदूरकडील मंडळींना पौष महिन्यातील पहाटेचा हा अनुभव असतो. गोव्यात असे क्वचितच घडते. कोठेही घडले तरी सिलिंडरवर गरम पाणी ओतणे वा तो आडवा करणे, हे प्रकार करू नयेत. आडव्या सिलिंडरमधून द्रवरूप गॅस रेग्युलेटरपर्यंत येऊ शकतो.

ज्वालकाच्या तोंडाशी मुंग्या, कोळी अथवा कुंभारीण माशी घर करते, हा आपल्या दमट प्रदेशातील विशेष दोष होय. महिनाभर घर बंद ठेवून परतल्यावर गिझर पेटत नसेल तर याची शंका प्रथम घ्यावी. पावसाळ्यात ठिणगीच्या सळईवर ओल धरली की ठिणगी ज्वालकाकडे न जाता भलतीकडेच पडते. चार तास कोरडी हवा मिळाल्यावर गिझर आपोआप चालू लागतो.

बदलीच्या नोकरीतील कुटुंबांसाठी येथे एक सूचना करणे अगत्याचे वाटते. वडोदरा शहरात अनेक दशकांपासून नळाद्वारे नैसर्गिक वायू पुरविला जातो व आता गोव्यासह इतरत्रही ही सोय पसरत आहे. नळाचा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. सारख्याच घनफळात सिलिंडरच्या गॅसची उष्णता त्याच्या अडीच पटींच्या आसपास असते. म्हणून दोहोंसाठी ज्वालकाची छिद्रे वेगवेगळ्या मापांची लागतात. सिलिंडरचा गिझर नळाच्या वायूवर लावला तर तो क्षीण जळतो अथवा पेटतच नाही. फारसा अपाय होत नाही. याउलट वडोदऱ्याहून आणलेला नळाच्या वायूचा गिझर येथे सिलिंडरवर जोडला, तर मोठ्या छिद्रांतून अतिरिक्त गॅस येतो, पिवळी, काजळी धरणारी ज्योत उठते आणि विषारी वायू निर्माण होतो. उपकरण कोणत्या वायूसाठी आहे हे त्यावरील पट्टीवर छापलेले असते. ते वाचल्याशिवाय जोडणी करू नये.

पेटतो व विझतो

यासारखा त्रासदायक आणि यासारखा अर्थपूर्ण दोष दुसरा नाही. काही सेकंदांतच विझत असेल, तर ज्योत ओळखणाऱ्या सळईवर काजळी बसली असेल अथवा विद्युतघट क्षीण झाले असतील. बरोबर वीस मिनिटांच्या आसपास विझत असेल, तर तो दोषच नव्हे. पुष्कळ उपकरणांत ही कालमर्यादा हेतुतः घातलेली असते आणि नळ बंद करून उघडला की गिझर पुन्हा चालू होतो. पाणी अतिशय तापून विझत असेल, तर आतील तापनियंत्रक कार्यरत झाला असून क्षारांचा थर त्यास कारण असावा. परंतु पाच-सात मिनिटे नीट जळून ज्योत पिवळसर होत असेल आणि मग विझत असेल, तर गिझर हवेची उणीव असल्याचे सांगत आहे. प्राणवायू घटल्यास गॅस बंद करण्याची योजना काही उपकरणांत असते. तारा जोडून जी निकामी केली जाते ती बहुधा हीच, अथवा तापनियंत्रक.

हवेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक किलो गॅस पूर्णपणे जळण्यास सुमारे १३ घनमीटर हवा लागते. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब व अडीच मीटर उंच न्हाणीघरात एकूण हवा साडेसात घनमीटर. ताशी एक किलो गॅस जाळणारा गिझर दहा मिनिटांत दोन घनमीटरांहून अधिक हवेतील प्राणवायू संपवितो, म्हणजे खोलीतील चौथ्या हिश्श्याहून अधिक. दार लावलेले, झरोका बंद आणि वर वाफ कोंडलेली, अशा स्थितीत ज्वलन अपुरे होऊ लागते व कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने जखडला जातो. डोके जड होणे, मळमळ, चक्कर ही लक्षणे सुरू होतात आणि पायांतील शक्ती जाते. धोका उमगला तरी कडी काढण्याचे बळ उरत नाही. हल्ली घरोघरी असलेले, बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर येथे निरुपयोगी होय, कारण हा विषारी वायू जखडलेले रक्तही त्यास प्राणवायुयुक्तच भासते आणि आकडा चांगला दिसतो.

समुद्राजवळच्या एका घरातील हकीकत प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील आहे. गिझर प्रथम पश्चिमेच्या बाल्कनीत योग्य रीतीने बसविला होता. वाऱ्याने ज्योत वरचेवर विझू लागली, म्हणून बसविणाऱ्याने तो न्हाणीघरात हलविला. डास येतात म्हणून घरच्यांनी झरोक्यास पुठ्ठा लावला. गिझर आता उत्तम पेटत होता. मात्र घरातील गृहिणीचे डोके दररोज सकाळी दुखू लागले व ते पित्ताचे समजून महिनाभर सुंठ आणि सूतशेखर चालले. सुट्टीत माहेरी गेल्यावर दुखणे गेले आणि परतताच पुन्हा सुरू झाले, तेव्हा कोठे संशय आला. वाऱ्यावर उपाय बाल्कनीतच आडोसा करण्याचा होता, आणि त्याला पत्र्याचा एक तुकडा पुरला असता.

तेव्हा धूर बाहेर नेणारी नळी नसलेला गिझर न्हाणीघरात बसवूच नये. तो मोकळ्या हवेत अथवा दोन बाजूंनी उघड्या असलेल्या जागेत असावा आणि फक्त पाण्याची नळी आत आणावी. बंदिस्त बोळातही बसवू नये, कारण न्हाणीघरातील हवा ओढणारा पंखा चालू असता तेथील धूर आत खेचला जातो. मनुष्य बेशुद्ध आढळल्यास प्रथम गॅस बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, त्यास मोकळ्या हवेत आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात नेऊन प्राणवायू देणे आवश्यक असते, आणि गिझरच्या खोलीत सापडला हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पुन्हा पुन्हा प्रयत्न करणे

गिझर पेटत नाही म्हणून नळ दहा-वीस वेळा सलग उघडबंद करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, प्रत्येक खेपेस थोडा न जळलेला गॅस बाहेर पडतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या जवळ पोहोचताच ठिणगीने भडका उडू शकतो. तीन वेळा प्रयत्न करून न पेटल्यास रेग्युलेटर बंद करावा व खिडक्या उघडून किमान पाच मिनिटे थांबावे. पेटताना 'भप्प' असा आवाज होत असेल, तर गॅस आधी व ठिणगी उशिरा येत आहे. असा गिझर दुरुस्तीपर्यंत वापरू नये. काडी लावून पेटविण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये. आणि नळ बंद केल्यावरही ज्योत चालूच राहिली, तर दांडी अडकली आहे असे समजून तत्काळ रेग्युलेटर बंद करावा. हा न पेटण्याच्या उलट दोष असला तरी त्याच भागात उद्भवतो व अधिक भयंकर आहे.

गॅसचा वास येत असल्यास विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करून बाहेर पडावे व १९०६ या गळतीच्या तक्रारीसाठी असलेल्या क्रमांकावर बाहेरूनच दूरध्वनी करावा.

मेकॅनिकला बोलावताना टक्‌टक् आवाज येतो की नाही, ज्योत किती वेळ टिकते, तिचा रंग कोणता, बादली भरण्यास किती मिनिटे लागली आणि सिलिंडर केव्हा बदलला, एवढे सांगता आले तर अर्धे काम होते व अनावश्यक भाग बदलले जात नाहीत. लहान गिझरांसाठी भारतीय मानक १५५५८ लागू आहे. उपकरण त्यानुसार आहे काय हे खरेदीच्याच वेळी पाहिलेले बरे. नारिंगी रंगाच्या सुरक्षा-नळीवर मुदत छापलेली असते, ती उलटली असल्यास याच वेळी बदलून घ्यावी. काम झाल्यावर सर्व सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात काय ते पाहावे. आतील कोणतीही तार नव्याने जोडली असल्यास ती कशासाठी, हे विचारावे व मूळ भाग बसवून देण्याचा आग्रह धरावा. ज्योत निळी आहे की नाही आणि नळ बंद करताच ती विझते की नाही, हे तो जाण्यापूर्वी त्याच्यासमोरच तीन-चार वेळा पाहून घ्यावे.